एकट्याने दोघांना कसं हरवायचं: एज ऑफ एम्पायर्स २ मधली एकास दोन लढत

कोल्हापुरात तिघं एका खोलीत जमले, तीन लॅपटॉप मांडले आणि त्यातला एक बाकी दोघांपेक्षा बराच वरचढ निघाला, की वाद ठरलेला: "आम्ही दोघं मिळून आलो तर टिकशील का?" एज ऑफ एम्पायर्स २ हा गाव वसवून, फौज उभारून समोरच्याला मोडायचा कॉम्प्युटर गेम आहे, आणि याचं उत्तर त्याच्या आकड्यांतच आहे. वरचढ खेळाडू दोघांना हरवू शकतो, पण दोघांची फौज एका जागी आली तर त्याचं काही खरं नाही. म्हणून त्याने एका लढतीच्या दोन लढती करायच्या, आणि त्याही ठरावीक वेळेच्या आत संपवायच्या.

पुढचं सगळं डेफिनिटिव्ह एडिशनला, म्हणजे गेमच्या नव्या आवृत्तीला, धरून आहे. किमती आणि वेळा स्टँडर्ड सेटिंगच्या आहेत. अपडेटमध्ये थोडंफार इकडचं तिकडे होतं, हिशोबाची रीत तीच राहते. मिनिटं आणि सेकंद गेममधल्या घड्याळाचे धरा. नॉर्मल स्पीडला ते घड्याळ खऱ्या घड्याळाच्या १.७ पट वेगाने पळतं.

जोड बघून लावा

नव्या खेळाडूचं रेटिंग, म्हणजे कौशल्याचा आकडा, १००० पासून सुरू होतं. रेटिंग काढायच्या एलो पद्धतीत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने शंभरातले साधारण ७६ डाव जिंकावेत असा हिशोब असतो, ४०० चा फरक असेल तर ९१. आता दोघांशी वेगवेगळे, पाठोपाठ दोन डाव खेळून दोन्ही जिंकायची शक्यता काढा. २०० च्या फरकाला ती ५८ टक्क्यांच्या आसपास येते, ४०० च्या फरकाला ८३. दोघं एकाच वेळी समोर आले की हे आकडे आणखी खाली जातात. म्हणून २०० च्या फरकावर एकास दोन लावू नये, ती लढत बहुतेक वेळा दोघांच्या बाजूने एकतर्फी होते. ४०० ला चुरस येते आणि ६०० च्या पुढे एकट्याचं पारडं जड व्हायला लागतं. शेवटची दोन वाक्यं आमच्या अंदाजाची आहेत, सूत्राची नाहीत. रेटिंग बघताना १ विरुद्ध १ चंच बघा. टीम रेटिंग वेगळं मोजलं जातं आणि त्यात चांगल्या जोडीदाराची कमाई मिसळलेली असते.

मॅप अरेबिया (उघड्या मैदानाचा) घ्या, साइज स्मॉल, म्हणजे तीन खेळाडूंचा १४४ गुणिले १४४ टाइल्सचा (चौकटींचा). लॉबीत (डाव लावायच्या स्क्रीनवर) 'टीम टुगेदर'ची खूण काढून टाका. ती राहिली तर दोघं शेजारी शेजारी उगवतात आणि एकमेकांच्या मदतीला लगेच पोचतात. अरिना हा मॅप घेतला तर दोघांना तयार दगडी भिंत मिळते, ब्लॅक फॉरेस्टमध्ये जंगलच भिंतीचं काम करतं. दोन्हीकडे कमजोर खेळाडूला हवी असलेली एकच गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे वेळ.

वेळ एकट्याच्या बाजूने का नसतो

एक व्हिलेजर, म्हणजे कमाई आणि बांधकाम करणारा गावकरी, टाउन सेंटर या मुख्य इमारतीतून निघायला ५० फूड आणि २५ सेकंद घेतो. सुरुवातीला तीन व्हिलेजर असतात. टाउन सेंटर एक सेकंदही रिकामं न ठेवता चालवलं तर दहाव्या मिनिटाला २७ होतात. समोर दोन टाउन सेंटर, म्हणजे ५४. एवढंच बघितलं तर डाव सुरू होण्याआधीच हरल्यासारखा वाटेल. पण मध्यम खेळाडूचं टाउन सेंटर अखंड चालत नाही. घर बांधायचं राहतं, रानडुक्कर आणताना नजर हटते, फूड संपतं. दहा मिनिटांत तीन मिनिटं टाउन सेंटर रिकामं राहिलं तर सात व्हिलेजर कमी. शिवाय झालेल्यांतले तीन-चार कुठेतरी उभेच असतात. त्यामुळे पहिल्या १५ मिनिटांत दोघांची मिळून कमाई दुप्पट नसते, दीडपटीच्या आसपास असते. एकट्याची संधी ती एवढीच.

पुढे हा फरक वाढत जातो. पॉप्युलेशनची (गावकरी आणि फौज मिळून माणसांची) मर्यादा प्रत्येकी २००, म्हणजे शेवटी ४०० विरुद्ध २००. सोन्याचंही तेच. अरेबियावर घराजवळ सात टाइल्सची एक खाण आणि चार-चारच्या दोन असतात, प्रत्येक टाइलला ८०० सोनं. म्हणजे एकूण १२,०००. ते संपल्यावर दोघं एकमेकांच्या मार्केटशी ट्रेड कार्ट (व्यापाराच्या गाड्या) चालवून सोनं मिळवत राहतात. एकट्याला मित्रच नसल्याने सुरक्षित ट्रेड नाही. चाळिसाव्या मिनिटाला दोघंही उभे असतील तर एकट्याचं कौशल्य कितीही असो, डाव हातातून गेलेला असतो. पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला एक जण मोडून पडलेला असलाच पाहिजे, सगळी आखणी त्याच हिशोबाने करायची.

फौज कधीही अर्धी करू नका

या लेखातला सगळ्यात कामाचा हिशोब हा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लँचेस्टर नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने लांबून मारा करणाऱ्या फौजांसाठी वर्गाचा नियम मांडला: ताकद संख्येवर नाही, संख्येच्या वर्गावर ठरते. आर्चरना, म्हणजे धनुर्धारी शिपायांना, तो बराचसा लागू पडतो.

तुमच्याकडे २० आर्चर आहेत, समोरच्या दोघांकडे १०-१०. ते २० जण एकत्र आले तर ४०० विरुद्ध ४००, बरोबरी, म्हणजे दोन्हीकडे राख. आता पहिल्या दहांना एकटं गाठा. ४०० वजा १०० म्हणजे ३००, त्याचं वर्गमूळ १७.३. तुमचे १७ शिल्लक, त्याचे सगळे मेले. मग दुसऱ्या दहांना गाठा. ३०० वजा १०० म्हणजे २००, वर्गमूळ १४.१. दोघांची फौज संपली आणि तुमचे १४ आर्चर उभे! खर्च तोच, आर्चर तेवढेच, फरक फक्त वेळेचा. उलट तुम्ही दोन आघाड्यांवर १०-१० पाठवले तर दोन्हीकडे बरोबरी होते आणि हाती काही राहत नाही. प्रत्यक्ष खेळात काही बाण चुकतात, काही मेलेल्यावरच पडतात, मायक्रो (लढाईत एकेक शिपाई हाताने हलवणं) असतो. त्यामुळे आकडे जसेच्या तसे येत नाहीत, पण कल हाच राहतो.

मदत पोचायला किती वेळ लागतो, ते यावरून काढा. स्मॉल मॅपवर दोन बेसमधलं अंतर ८० टाइल्स धरलं तर सेकंदाला ०.९६ टाइल चालणाऱ्या आर्चरला सुमारे ८३ सेकंद लागतात. फ्यूडल या दुसऱ्या युगातला स्काउट (हलका घोडेस्वार) १.५५ च्या वेगाने ५२ सेकंदांत पोचतो. त्यात मध्यम खेळाडू मित्राची हाक ऐकून फौज हलवायला आणखी दहा-वीस सेकंद घालवतो. हे अगदी ओळखीचं बोलणं आहे: "आरं ये की लवकर!" "आलो आलो, शेत लावतोय, थांब जरा." ते शेत लावून होईपर्यंतचा वेळ तुमचा. दीड मिनिटात काम उरकायचं आणि निघायचं.

सुरुवात: १९ व्हिलेजर आणि स्काउट

पहिले सहा मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर, अकरावा रानडुक्कर आणायला, पुढचे चार बेरीवर, मग एक दुसऱ्या रानडुकरासाठी, उरलेले लाकडावर. १९ व्हिलेजर झाले की लूम (व्हिलेजरला बळकट करणारी सुधारणा) आणि लगेच फ्यूडल. सोळा व्हिलेजरचे ४०० सेकंद, लूमचे २५, म्हणजे ७:०५ ला फ्यूडलचं बटण दाबलेलं असावं. फ्यूडलला १३० सेकंद लागतात, ९:१५ ला तुम्ही फ्यूडलमध्ये. त्या मधल्या वेळात १७५ लाकडाची बॅरेक (पायदळाची इमारत) उभी राहिली पाहिजे, आणि फ्यूडल लागताच १७५ चं स्टेबल (घोडदळाची इमारत) सुरू. ७:०५ च्या ऐवजी ८:०० होत असतील तर अजून एकास दोनच्या वाटेला जाऊ नका. त्या पंचावन्न सेकंदांत समोरच्या दोघांचे मिळून चार व्हिलेजर वाढतात.

सिव्हिलायझेशन (खेळायला घ्यायचा समाज) निवडताना लवकर वेग पकडणारी घ्या. हूणांना घरं बांधावी लागत नाहीत. लक्ष दोन ठिकाणी वाटलेलं असताना घराची आठवण ठेवावी न लागणं ही फार मोठी सोय आहे. मंगोलांची शिकार जलद होते, त्यांचा फ्यूडल लवकर लागतो. मॅग्यारांचे स्काउट स्वस्त. उशिरा बहरणाऱ्या सिव्हिलायझेशन इथे उपयोगाच्या नाहीत.

स्काउट तीनच काढा, २४० फूड. ते मारामारीसाठी नसतात. एकाच्या लाकडाच्या कॅम्पवर जा, टाउन सेंटरच्या सहा टाइल्सच्या माऱ्याबाहेर राहून. लूम न केलेला व्हिलेजर २५ एचपीचा (जीवनगुणांचा) असतो, फ्यूडलमधला स्काउट एका वारात ५ काढतो. पाच वार, म्हणजे तीन स्काउट दोन फेऱ्यांत एक व्हिलेजर घेतात. लूम केलेला असेल तर ४० एचपी आणि एक आर्मर (चिलखताचा गुण): वार ४ चा, लागतात दहा, म्हणजे चार फेऱ्या. तेवढ्यात बाकीचे टाउन सेंटरमध्ये शिरलेले असतात. म्हणून दोघांपैकी लूम कुणी केलेलं नाही ते आधी बघा. व्हिलेजरवर क्लिक केलं की त्याचे एचपी खाली दिसतात, अंदाज करत बसायचं कारण नाही.

स्पिअरमन (भालेकरी) दिसला की त्याच्याशी लढू नका. त्याचे तीन वार म्हणजे एक स्काउट मेला, पण त्याचा वेग १ आहे आणि तुमचा १.५५, तो पोचूच शकत नाही. तिथून उठा आणि दुसऱ्या खेळाडूच्या बेरीवर जा. तीन व्हिलेजर मारता आले तर उत्तम. एकही मेला नाही पण दोघांचे मिळून दहा-बारा व्हिलेजर अर्धा मिनिट टाउन सेंटरमध्ये कोंडून राहिले, तरी स्काउटचा खर्च निघाला.

आधी कुणाला मोडायचं

दोघांतला कमजोर आधी. यावर दुमत असतं, जोरदार खेळाडूला आधी दाबावं असं काही जण म्हणतात. पण अडचण दोन असण्याची आहे, आणि दोनाचा एक लवकर होतो तो कमजोराला मोडल्यानेच. उरलेला जोरदार असला तरी तुमच्यापेक्षा खालचाच आहे. अपवाद दोन. कमजोराने पॅलिसेडने (लाकडी कुंपणाने) पूर्ण तटबंदी केली असेल आणि जोरदाराची बाजू उघडी असेल तर तिकडे वळा. आणि जोरदार फौज न काढता थेट कॅसल एज या तिसऱ्या युगाकडे निघाला असेल, तर त्याला आधी धक्का द्या. त्याचे नाइट (जड घोडेस्वार) पुढे तुमच्या आर्चरच्या अंगावर येतील.

स्काउट फिरत असतानाच दोन आर्चरी रेंज (आर्चर काढायच्या इमारती) उभारा. दोन्ही अखंड चालवायच्या तर ३५ सेकंदांना दोन आर्चर, म्हणजे मिनिटाला सुमारे १५५ सोनं. त्यासाठी सोन्यावर सात-आठ जण लागतात. टाउन सेंटर चालू ठेवायला मिनिटाला १२० फूड, म्हणजे सहा शेतं. बाकी सगळे लाकडावर. दहा आर्चर तीन मिनिटांत होतात: २५० लाकूड, ४५० सोनं. ब्लॅकस्मिथमध्ये फ्लेचिंग (बाणांची सुधारणा) पाहिजेच, १०० फूड आणि ५० सोनं.

आता कमजोराच्या सोन्याच्या खाणीवर जा. फ्लेचिंगनंतर बाण ५ चा. लूम नसलेला व्हिलेजर पाच बाणांत जातो, म्हणजे दहा आर्चरचे दोन गट करून दोन व्हिलेजरवर एकदम नेम धरता येतो. लूम असेल तर बाण ३ चाच लागतो आणि चौदा बाण लागतात, मग सगळ्यांनी एकावरच मारा करा, दोन फेऱ्यांत तो पडतो. आर्चरचा नेम ८० टक्के असल्याने कधी कधी एक फेरी जास्त धरा.

आठ व्हिलेजर मारले की त्याचे ४०० फूड आणि टाउन सेंटरचे २०० सेकंद गेले. खरं नुकसान त्या २०० सेकंदांचं असतं. मित्र फूड पाठवेल, पण वेळ पाठवता येत नाही. फूड पाठवायलाही मार्केट लागतं, १७५ लाकडाचं, आणि कॉइनेज-बँकिंग (मार्केटमधल्या सुधारणा) नसेल तर १०० पोचवायला १३० द्यावे लागतात. आठ-दहा मारून झाले की टाउन सेंटर पाडायच्या नादाला लागू नका. आर्चरने टाउन सेंटर पडत नाही आणि तिथे उभं राहिलात की दुसऱ्याची फौज तुमच्या पाठीत येते.

दुसरा मदतीला आला की

इथे डाव जिंकला किंवा हरला जातो. दुसऱ्याची फौज मित्राच्या बेसकडे निघाल्याचं तुम्हाला कळलं पाहिजे. त्यासाठी वाचलेला एक स्काउट दोन्ही बेसच्या मधल्या वाटेवर उभा करून ठेवा. या एका स्काउटवर कंजूषपणा करू नका. फौज दिसली की तीन शक्यता असतात.

ती एकटी आणि तुमच्यापेक्षा लहान असेल तर वाटेतच गाठा, मित्राच्या बेसपर्यंत पोचू देऊ नका. वरचा वर्गाचा हिशोब इथेच लागू होतो. ती मोठी असेल तर लढू नका. वळसा घालून सरळ तिच्या मालकाच्या घरी जा, ते आता मोकळं आहे. तो फौज परत फिरवतो, तुम्ही पुन्हा पहिल्याकडे येता. दोघांना असं झुलवत ठेवलं की त्यांची फौज सगळा वेळ चालण्यात घालवते आणि तुमची मारण्यात. तिसरी शक्यता वाईट: दोघंही तुमच्या बेसवर आलेत. अशा वेळी घर वाचवायला पूर्ण फौज मागे आणू नका. फौज कमजोराच्या व्हिलेजरवर सोडा, घरी वाट अरुंद करा: घरं, पॅलिसेड, मध्ये चार स्पिअरमन, चार स्कर्मिशर (भाला फेकणारे, आर्चरविरुद्धचे). पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना १६६० मध्ये बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली ती वेळ मिळवण्यासाठी. या आठ जणांचं कामही तेच आहे, त्यांनी जिंकायची अपेक्षा नाही. मध्यम खेळाडूला आपल्या घरी व्हिलेजर मरताना दिसले की तो फौज मागे ओढतो, हे जवळजवळ दर वेळी होतं.

हे सगळं करताना तुमचं घर बंद पडतं, ही एकट्याची खरी अडचण. समोर चार डोळे आणि चार हात आहेत, तुमच्याकडे दोनच. त्यावर उपाय ठरलेले. शेतं आपोआप पुन्हा पेरली जातील असं मिलमध्ये लावून ठेवा. आर्चर १ नंबरवर, स्काउट २ वर, रेंज ३ वर. टाउन सेंटरला एच, रिकाम्या व्हिलेजरला पूर्णविरामाचं बटण. लढाईत दर पंधरा सेकंदांनी एच दाबून दोन व्हिलेजर लावायचे, पूर्णविराम दाबून रिकामा पकडायचा, परत १. ही सवय बोटांत बसलेली नसेल तर आधी एआयच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या, दोन खेळाडूंविरुद्ध बसवून घ्या. शिल्लक ५०० च्या वर साचत असेल तर कौशल्याचा फायदा तुम्ही वापरतच नाही आहात असं समजा.

कॅसल एज

एक जण मोडला की ८०० फूड आणि २०० सोनं जमवून कॅसलला जा. १६० सेकंद लागतात, त्या वेळात आर्चर जिवंत ठेवा, मोठी लढाई टाळा. उरलेला काय काढतोय त्यावर पुढचं ठरतं. त्याने स्कर्मिशरचा ढीग केला असेल तर दोन स्टेबलमधून नाइट, एक ६० फूड आणि ७५ सोन्याचा. त्याचे नाइट असतील तर स्पिअरमन पाइकमनपर्यंत वाढवा आणि मागे दोन मंक (शत्रूचा शिपाई आपल्याकडे वळवणारे) ठेवा. दोन टाउन सेंटर इथे जोडा, २७५ लाकूड आणि १०० दगड प्रत्येकी. एक जण मोडायच्या आधी जोडलेत तर बूमच्या (फौज सोडून कमाई वाढवण्याच्या) शर्यतीत उतरल्यासारखं होतं आणि ती शर्यत दोघांची आहे.

मोडलेल्याकडे दर तीन-चार मिनिटांनी चार नाइट पाठवत राहा. पाच व्हिलेजर शिल्लक असलेला खेळाडू दहा मिनिटं मोकळा सोडला तर पुन्हा उभा राहतो, आणि मध्यम खेळाडूंविरुद्ध जिंकत आलेले डाव एकट्याने बहुतेक इथेच घालवलेले असतात.

आणि त्या दोघांनी काय करावं

दोघांना खरंच जिंकायचं असेल तर फार शिकावं लागत नाही. दोघांनी पहिल्याच संधीला लूम करावं. एकाने आर्चर, दुसऱ्याने स्काउट काढावेत, दोघांनी एकच युनिट काढू नये. एकट्याला दोन वेगवेगळी उत्तरं शोधायला लावणं हीच त्यांची ताकद. फौज मॅपच्या मध्यावर एका जागी जमवावी आणि बाराव्या मिनिटाला एकत्रच निघावं, कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. एकाच्या घरी रेड (धाड) आली तर दुसऱ्याने मदतीला न धावता एकट्याच्या घरी जावं, कारण त्याची फौज तेव्हा बाहेर असते. जो पडझडीत सापडला त्याने घरात दोन स्पिअरमन आणि पॅलिसेड एवढ्यावर भागवावं आणि दर मिनिटाला मित्राला एकच गोष्ट सांगत राहावं: आर्चर आत्ता कुठे आहेत. ही माहिती बोलून देणाऱ्या जोडीसमोर ४०० चा फरकही पुरत नाही, मग एकट्याला दोघांपैकी एकाच्या घराशी दहाव्या मिनिटाच्या आतच तलवारीचं पायदळ, म्हणजे मेन-अ‍ॅट-आर्म्स घेऊन जावं लागतं.